आकाशाचा कान आणि आमची राधा

॥ श्री ॥
मुलुंड (पश्चिम), मुंबई
३ ऑगस्ट १९८६

चि. उत्तरावन्संना मृणालचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

वयाने मी दोनच वर्षांनी मोठी असले तरी वहिनी म्हणून आशीर्वाद द्यायचा हक्क सोडणार नाही, आणि तुला वन्सं म्हणून चिडवायचा तर मुळीच नाही. तुझे हिवाळ्यातले फोटो आत्ता कुठे पोचले. एवढ्या बर्फात तू एक पातळ स्वेटर घालून उभी आहेस हे बघून नानांनी तुझ्या अकलेवर बरंच भाष्य केलं. मुलगी अमेरिकेत पीएच. डी. करते म्हणून काही शहाणी होत नाही, असा त्याचा सारांश.

इकडे सर्व क्षेम. तुझी भाची सहा महिन्यांची झाली. बारशाला आत्याच्या जागी शेजारच्या जयंतीबाई उभ्या राहिल्या आणि तू कळवलेलं राधा हे नाव त्यांनीच तिच्या कानात कुर्र केलं, हे तुला तेव्हा लिहिलंच होतं. आता बाईसाहेब बसवलं तर बसतात आणि हाताला लागेल ते तोंडात घालतात. काल नानांच्या चष्म्याच्या काडीची वाट लावली.

कान मात्र असे तिखट की सांगता सोय नाही. आपल्या इमारतीला लागून जो गाळा आहे ना, तिथे डब्यांची झाकणं ठोकायचा प्रेस बसवलाय. दिवसभर धप्प धप्प. मांडणीवरची भांडी थरथरतात, आम्ही वैतागतो आणि राधाला त्यातच गाढ झोप लागते! जेवणाच्या सुट्टीत प्रेस थांबला रे थांबला की हिचे डोळे टक्क उघडे. आल्यागेल्याला नाना हे कौतुकाने दाखवतात. ती खेळत असली की हळूच मागे जाऊन स्टीलचं ताट फरशीवर आपटतात. ती दचकून वळते आणि नाना जग जिंकल्यासारखे हसतात. नात आजोबांचे कान घेऊन आलीये म्हणे.

तू नेमकं काय करतेस असं जयंतीबाई विचारत होत्या. नानांनी ऐटीत सांगितलं की आमची उत्तरा अवकाशात कान बसवते. त्यावर त्यांनी, मिस्टरांचा कान वाहतो त्याला काही औषध असलं तर पत्रातून कळव, असा निरोप दिलाय. तेव्हा सोसायटीत सांगता येईल असं काहीतरी लिही बाई.

तुझा दादा बरा आहे. ट्रॉम्ब्याची बस, घर आणि राधा, एवढंच त्याचं जग झालंय. पत्राला उशीर करू नकोस, आणि माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
मृणाल


॥ श्री ॥
बोल्डर, कोलोरॅडो
२४ ऑगस्ट १९८६

ती. सौ. वहिनीस उत्तराचा सा. न. वि. वि.

जयंतीबाईंना सांग, कान वाहत असेल तर मुकाट्याने डॉक्टरकडे जायला सांगा. माझा कान निराळा.

दोन जड तारे एकमेकांभोवती गरगरा फिरतात तेव्हा भोवतीचं अवकाशच किंचित ताणलं आणि आकसलं जातं आणि ती लाट सगळीकडे पसरत जाते. हे मी कितीदा तरी वाचलंय, शिकवलंय, आणि तरी दर वेळी अंगावर काटा येतो. तू हे पत्र वाचत्येस ना, या क्षणी अशा लाटा तुझ्यातून, नानांच्या चहातून, राधाच्या पाळण्यातून चालल्या आहेत. कुठल्या जन्मीचे तारे, आणि त्यांची लाट आपल्या स्वयंपाकघरातून जाते आणि कुणाला पत्ता नाही!

या लाटांतले जे अगदी मंद सूर आहेत, म्हणजे एक हेलकावा व्हायला मिनिटं, तास लागतात असे, ते जमिनीवरच्या यंत्रांना ऐकूच यायचे नाहीत. जमीन स्वतःच सतत थरथरत असते. समुद्र, वारा, गाड्या, तुमचा तो प्रेस. म्हणून आमच्या इथल्या मंडळींनी ठरवलंय की तीन यानं पृथ्वीपासून दूर सूर्याभोवती सोडायची, एकमेकांपासून दहा लाख किलोमीटरवर, आणि मध्ये लेझरचे किरण. लाट आली की ते दहा लाख किलोमीटरचं अंतर बदलणार किती, तर एका अणूच्या शंभराव्या भागाएवढं. आणि ते आम्ही मोजणार! लिहितानाही मला हसू येतं.

यंत्र अजून कुठेच नाही. जानेवारीत ते अवकाशयान उडताच सात माणसांसकट जळालं तेव्हापासून इथे सगळंच लांबणीवर पडलंय. कदाचित माझे केस पांढरे होईपर्यंत ते उडणार नाही. तरी त्याचा कान किती तिखट असेल हे आधी मोजून ठेवायचं, हे माझं काम. कुठल्या सुराचा किती हळू आवाज त्याला कळेल, याचा आलेख काढायचा. तो दिसतो कढईसारखा. तळाशी कान सगळ्यात तिखट, दोन्ही काठांना बहिरा. खरं सांगू? माझा दिवस ताऱ्यांत जातच नाही. उन्हाचा रेटा, उष्णता, कुठला तरी बारीक विद्युतभार, असं यंत्राला उगाच हलवणारं काय काय असेल ते शोधण्यात जातो. आमच्याकडचा पहिला धडाच हा की काटा हलला म्हणजे लाट आली असं मानायचं नाही. आणखी कशाने हलला असेल, ते आधी विचारायचं.

वहिनी, हे लिहिता लिहिता तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि मनात एक आलं. लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. प्रेस थांबल्यावर राधा जागी होते ती आवाज थांबला म्हणून, की थरथर थांबली म्हणून? ताट फरशीवर आपटलं की फरशीही हलते. नुसती मागून हाक मारलीस तर ती वळते का गं? बहुतेक माझंच डोकं या कामाने बिघडलंय. पण प्रेसच्या सुट्टीच्या दिवशी तिला गादीवर बसवून, मागे उभी राहून देवाची घंटा वाजवून बघशील? तुझी सावली तिच्यापुढे पडू देऊ नकोस. ती वळली की मला चार शिव्या घालून पत्र लिही.

नानांना शि. सा. न., दादाला नमस्कार, राधाला गोड पापा. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
उत्तरा


॥ श्री ॥
मुलुंड
१४ सप्टेंबर १९८६

चि. उत्तरास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या पत्राचा मला राग आला, हे आधी लिहून टाकते. एवढ्या लांब बसून माझ्या लेकीत खोट काढायला हिला कुणी सांगितलं, असंही मनात आलं. नानांना पत्र वाचून दाखवलं तर ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. जेवायला बोलावलं तेव्हा आत आले.

मी ठरवलं होतं की तुझं ऐकायचं नाही. पण एकदा डोक्यात किडा शिरला की तो थोडाच बाहेर येतो? मी तिच्याशी बोलताना ती हसते ना, ती माझं तोंड बघून हसते का, असं दर वेळी वाटायला लागलं. शेवटी काल प्रेस बंद होता, नाना बाजारात गेले होते. तिला गादीवर बसवलं, पुढ्यात लाकडी बाहुली दिली. मागे उभी राहून घंटा वाजवली.

ती बाहुलीचा पाय चोखत होती. मी अजून जवळ गेले. मग डब्यावर चमचा वाजवला, हाका मारल्या, शेवटी अक्षरशः ओरडले. जयंतीबाई धावत आल्या, काय झालं म्हणून. राधा आपल्या बाहुलीत. जयंतीबाईंच्या पायांनी फरशी हादरली तेव्हा मात्र तिने मान वळवली आणि आम्हाला बघून खुदकन हसली.

उत्तरा, सात महिने मी तिला अंगाई म्हणत्ये गं. कुणाला म्हणत होते?

मला ती डॉक्टर-इंजिनीअर काही व्हायला नको. मागून हाक मारली आणि ती वळली, एवढं एकदा झालं पाहिजे. दुसरं मागणं नाही माझं.

दादा म्हणतो तपासून घेऊ. नाना नको म्हणतात. तू आपली म्हणून हे लिहिलं. लवकर लिही.

तुझी,
मृणाल


॥ श्री ॥
मुलुंड
१६ सप्टेंबर १९८६

चि. उत्तरा हिस नानांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या त्या सूचनेपासून घरात कुणाचं जेवणात लक्ष नाही. लेकीसारखी सून पदर तोंडात धरून रडताना मला बघवत नाही. तुझा दादा तीन वर्षांचा होईपर्यंत धड एक शब्द बोलला नव्हता, आज ट्रॉम्ब्याला साहेब आहे. आपल्या घराण्यात सगळंच सावकाश होतं.

मुलीची जात आहे. एकदा कपाळावर शिक्का बसला की तो पुसत नाही. तपासणीबिपासणी आत्ता नको. दोन वर्षांची होऊ दे, मग पाहू. आकाशाचे कान मोजायचे तेवढे मोज, घरातल्या पोरीचे मोजू नकोस.

थंडीत कानटोपी घालत जा. तुझ्या सुखरूपतेचे कळवीत राहणे.

तुझे,
नाना


॥ श्री ॥
बोल्डर
५ ऑक्टोबर १९८६

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

नानांना वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात पाया पडून एकच लिहिलंय, की दोन वर्षं थांबू नका. मी इथल्या विद्यापीठात कानांच्या विभागात जाऊन विचारून आले. मूल जेवढं लहान तेवढं बरं, असं तिथल्या बाई म्हणाल्या. कानात थोडं जरी काही शिल्लक असलं तरी मेंदूला त्याची सवय आत्ताच लावावी लागते. बांद्र्याला आता चांगली संस्था झाली आहे, तिथे जा.

तपासायची भीती कशी असते ते मला थोडं माहीत आहे. मागच्या महिन्यात माझ्या गणितात एक भलतंच निघालं. आपल्याच आकाशगंगेत विझत आलेल्या ताऱ्यांच्या लाखो जोड्या आहेत. त्या सगळ्यांच्या लाटा एकमेकींत मिसळून एक सततची कुजबुज होते आणि माझ्या कढईचा तळ त्यात बुडतो. लांबचं काही ऐकू येईल म्हणून आम्ही एवढे धडपडतोय आणि जवळच्यांच्याच गलक्यात ते हरवणार. आठवडाभर मी तो आकडा आलेखावर मांडलाच नाही. सरांच्या खोलीवरून जाताना मान खाली घालून जायचे. न मांडल्याने कुजबुज थोडीच थांबणार होती!

शेवटी मांडला आणि सरांपुढे ठेवला. वाटलं, आता काम गुंडाळायला सांगतील. ते म्हणाले की ही कुजबुज म्हणजे तारेच आहेत की, आजवर एकाही माणसाने त्यांना ऐकलेलं नाही. वहिनी, मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. दिवसाढवळ्या आकाश निळं, रिकामं दिसत होतं आणि ते लाखो आवाजांनी भरलेलं आहे हे मला ठाऊक होतं. हात जोडावेत असं वाटलं. जोडलेही, कुणी बघत नाहीसं पाहून.

आलेख वाईट निघेलही. पण तो हातात असला की काय करायचं ते ठरवता येतं. जा गं तपासायला. मी तिथे नाही याची फार लाज वाटते. सगळ्यांना माझा नमस्कार, आणि मला तुझ्या मनातून उतरवू नकोस.

तुझी,
उत्तरा


॥ श्री ॥
मुलुंड
१६ नोव्हेंबर १९८६

चि. उत्तरास अनेक आशीर्वाद, वि. वि.

दिवाळी होऊ दिली आणि गेलो. नाना येणार नव्हते. आम्ही चपला घालत होतो तेव्हा कोट चढवून दारात हजर, म्हणाले की बांद्र्याला मला तसंही काम आहे. काम कसलं आणि काय!

तिथल्या प्रेमाताई म्हणून बाई फार शांत आहेत. खोली अशी बंद केलेली की आपलाच श्वास ऐकू येतो. राधाला माझ्या मांडीवर बसवलं आणि मला मुळीच हलायचं नाही म्हणून बजावलं. शिट्टी वाजवली, काही नाही. घंटी, काही नाही. यंत्रातून बारीक, मग मध्यम सूर काढले, ती आपली माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती. माझे डोळे भरले होते, पण हलायचं नाही म्हणून पुसलेही नाहीत.

मग त्यांनी खूप खालचा, घुमणारा सूर लावला. आणि उत्तरा, राधाचा हात थांबला. मंगळसूत्र मुठीत तसंच, नजर वर, जणू कुणीतरी दार वाजवलंय. प्रेमाताईंनी सूर बंद केला, पुन्हा लावला. पुन्हा ती थांबली. माझ्या लेकीला जन्मात पहिल्यांदा काहीतरी ऐकताना मी पाहिलं. खोलीत देव आल्यासारखं वाटलं मला.

वरचं जवळजवळ सगळं गेलेलं आहे. खालच्या सुरांत थोडंफार आहे. प्रेसचा थोडा आवाज आणि बरीच थरथर, दोन्ही तिला कळत असणार, असं त्या म्हणाल्या. कशाने झालं ते नक्की सांगता येत नाही. आलेख आत्ताचा अंदाज आहे, मोठी झाल्यावर पुन्हा काढतील. त्याची नक्कल सोबत पाठवते. श्रवणयंत्र जानेवारीत मिळेल, छातीवर पिशवीत बांधायचं.

त्या दिवसापासून नाना राधाशी बोलतच नाहीत. मांडीवर घेतात, बोटं नाचवून दाखवतात, पण तोंडातून अवाक्षर नाही. तिला ऐकू येत नाही तर बोलून तिला फसवल्यासारखं होतं, असं दादाजवळ म्हणाले. ते ताट त्यांनी माळ्यावर टाकलंय.

तू लिहिलं नसतंस तर आम्ही अजून टाळ्या पिटत बसलो असतो. राग कधीच गेला, हे सांगायचं राहिलं होतं. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मृणाल


॥ श्री ॥
बोल्डर
७ डिसेंबर १९८६

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

राधाचा आलेख माझ्या टेबलासमोर भिंतीवर लावला आहे, माझ्या आलेखाशेजारी. तुमच्याकडे रेघ वर असली की बरं, आमच्याकडे खाली असली की. एवढा फरक सोडला तर दोन्ही भावंडं दिसतात. डावीकडे खालचे सूर, उजवीकडे वरचे, आणि कुठवर ऐकू येतं ते सांगणारी एक रेघ. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने हे कुठल्या यंत्राचं म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्या भाचीचं.

मी आधी खूप रडले, ते लपवत नाही. रडून झाल्यावर पुन्हा पाहिलं. उजवीकडे भिंत आहे, पण डावीकडे दार किलकिलं आहे. वहिनी, ज्या आवाजांसाठी आम्ही तीन यानं सूर्याभोवती पाठवायला निघालोय ते सगळे असेच, सगळ्यात खालच्या सुरातले. जमिनीवरच्या भल्याभल्या यंत्रांना ते कळत नाहीत. तेव्हा ही बाजू कमी प्रतीची असं निदान माझ्यासमोर कुणी म्हणायचं नाही.

त्या फटीतून काय काय आत जाऊ शकेल, हे प्रेमाताईंना खोदून खोदून विचार. मला आकाशाचं कळतं, लहान मुलांचं नाही.

नानांना सांग की मी कानटोपी घालते. आठवण ठेव, लोभ ठेव.

तुझी,
उत्तरा


॥ श्री ॥
मुलुंड
८ मार्च १९८७

चि. उत्तरास मृणालचे अनेक अनेक आशीर्वाद, वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण आधी लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, आणि घडायला लागलं तेव्हा ते पुरं झाल्यावरच लिहायचं ठरवलं. यंत्र आलं. राधाने त्याची वायर दोनदा चावली आणि कानातलं बोंडूक उपटून फेकायचा छंद लावून घेतला. आम्ही आशेने ओरडत होतो. मी ओरडत होते, दादा ओरडत होता, जयंतीबाई तर जिन्यातूनच ओरडत यायच्या. ती ढिम्म. वाढदिवस झाला, तरी तेच. मी मनातून पार खचले होते.

मग तीन आठवड्यांपूर्वी एका गुरुवारी नाना पूजेला बसले होते. तुला त्यांचा आवाज माहीतच आहे, भजनी मंडळात सगळ्यांच्या खाली घुमणारा. डोळे मिटून ते स्तोत्र म्हणत होते, आपल्यापुरतं. राधा पाठमोरी डब्यांशी खेळत होती, नशिबाने बोंडूक कानात होतं. तिने डबा टाकला, मागे वळली आणि रांगत थेट त्यांच्या पाटापाशी. नानांनी डोळे उघडले आणि म्हणायचे थांबले. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांनी पुन्हा सुरू केलं, ती हसली. थांबले, तिने त्यांच्या गुडघ्यावर चापटी मारली, म्हणजे चालू ठेवा. उत्तरा, नाना हुंदके देऊन रडले गं. पूजा तशीच राहिली.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आणि त्याच्याच पोटात दुखलंही, तुझ्यापासून काय लपवायचं. नऊ महिने पोटात मी वाढवली आणि ती वळली आजोबांकडे. सासऱ्यांचा मत्सर करणारी सून तू पाहिली नसशील.

प्रेमाताईंना जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, तुम्ही कशा हाका मारता, मारून दाखवा. मी मारली. त्या म्हणाल्या, ओरडलं की आवाज वर चढतो, बारीक होतो, म्हणजे जिथे तिला काहीच नाही तिथेच आपण जोर लावतो. मोठ्याने नको, खालून बोला, जवळून बोला. मी घरी येऊन आलेख काढून बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. महिनाभर आम्ही सगळे मिळून भिंतीवर डोकी आपटत होतो, शेजारी किलकिलं दार होतं.

मग मी नानांनाच गुरू केलं. रोज सकाळी सासरा आणि सून समोरासमोर बसून खर्ज लावतात. सोसायटीत काय चर्चा चालते ते जयंतीबाई मला येऊन सांगतात. माझा आवाज पहिल्यापासून चिमणीचा. नाना म्हणायचे, खाली ये, अजून खाली, घाई नको. घशात खरखर, दादाची हसून हसून पुरेवाट. पण हळूहळू तो खाली बसायला लागला. माझ्या छातीत असा आवाज आहे हे मला तीस वर्षांत माहीत नव्हतं.

परवा दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. ती गादीवर, पाठ माझ्याकडे, वाट्या एकात एक बसवत होती. बाहेर सगळं शांत. मी मागे जाऊन बसले आणि नानांनी शिकवलं तसं, खालून, सावकाश, राधा म्हटलं. काही नाही. श्वास घेतला, पुन्हा म्हटलं. तिचा हात थांबला. वाटी हातातच होती.

तिसऱ्यांदा म्हटलं आणि ती वळली.

सरळ माझ्याकडे बघत होती, हाक मारलीत तर आता बोला, अशा नजरेने. आणि उत्तरा, मला काही सुचेना. हाक मारल्यावर पुढे काहीतरी सांगायचं असतं, हा विचारच मी कधी केला नव्हता. मी तशीच बसून राहिले आणि ती वाट बघत राहिली.

सगळ्यांचे तुला आशीर्वाद. आमच्यावर जीव आहे तो असाच असू दे.

तुझी,
मृणाल